ग्रीकमधलं वाचणं: 'अनागिग्नोस्को'चा अर्थ आणि त्याची रूपं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही घरच्या घरी जुनं ग्रीक शिकताय. कोशात 'अनागिग्नोस्को' या क्रियापदापुढे 'वाचणे' असा अर्थ मिळाला. मग एका टिपेत वाचलंत की मूळ अर्थ 'पुन्हा ओळखणे' असा आहे. कोणी ठासून सांगितलं की प्राचीन काळी सगळे मोठ्यानेच वाचत, म्हणून भाषांतरही दर वेळी 'मोठ्याने वाचणे' असंच हवं. इतिहासकार हेरोडोटसच्या शब्दसूचीत तर याच क्रियापदाला 'मन वळवणे' दिलेलं. त्यात पुस्तकात प्रत्यक्ष भेटतात ती रूपं अनेग्नोन, अनाग्नोथि, अनाग्नोस्थे अशी, आणि त्यांच्यात कोशातलं रूप शोधूनही सापडत नाही. तर खरा अर्थ कोणता, आणि ही रूपं ओळखायची कशी?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. अर्थाचं उत्तर तुम्ही कोणाचं आणि कुठल्या काळाचं ग्रीक वाचताय यावर अवलंबून आहे. महाकवी होमर, हेरोडोटस, अथेन्सचे वक्ते आणि बायबलचा नवा करार यांना एकच उत्तर लागू पडत नाही. रूपांचं तसं नाही. ती एकदा नीट समजली की सगळीकडे चालतात. शिवाय 'मन वळवणे' हा अर्थ कुठून आला हे रूपांशिवाय सांगताच येत नाही. म्हणून मी शिकवताना आधी रूपं घेते आणि मग अर्थाकडे वळते. इथेही तसंच करते.

देवनागरीत लिहिताना ग्रीकमधले ऱ्हस्व-दीर्घ स्वर आणि आघात दोन्ही हरवतात, एवढं ध्यानात ठेवा. 'ग्नो'मधला ओ दीर्घ आहे, म्हणजे ग्रीक लिपीतला ओमेगा. आघातामुळे जिथे फरक पडतो तिथे तो मी वेगळा सांगेन.

बहुतेक विद्यार्थी कोशातलं रूप पाठ करतात आणि तिथेच अडकतात. त्याऐवजी 'ग्नो' हा धातू धरा. जाणणे या अर्थाचा हा धातू आणि आपला संस्कृत 'ज्ञा' हे एकाच मुळाचे. वर्तमानकाळात त्याच्यावर दोन गोष्टी चढतात. पुढे 'गि' हा अभ्यास, म्हणजे धातूच्या पहिल्या व्यंजनाची पुनरुक्ती, आणि मागे 'स्क' हा प्रत्यय. गि-ग्नो-स्क-ओ. 'स्क' परका वाटत असेल तर 'गम्'चं 'गच्छति' आठवा. तिथला 'च्छ' हा याच जुन्या प्रत्ययाचा संस्कृत अवतार आहे. जसं 'गच्छति'मध्ये च्छ येतो पण 'अगमत्' किंवा 'गत' यांत येत नाही, तसंच 'गि' आणि 'स्क' हे दोघे वर्तमानात आणि अपूर्ण भूतकाळातच दिसतात. बाकी सगळीकडे उरतो तो उघडा 'ग्नो'. तुम्हाला अनेग्नोनमध्ये कोशातलं रूप सापडलं नाही याचं कारण हेच.

पुढची अडचण उपसर्गाची. 'अना' हा उपसर्ग. भूतकाळाचा 'ए' उपसर्गाच्या आधी लागत नाही, उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये शिरतो, आणि त्या 'ए'मुळे 'अना'चा शेवटचा स्वर गळतो. अन्-ए-ग्नो-न. संस्कृत शिकलेल्यांना मी तैत्तिरीय उपनिषदातलं 'अन्नं ब्रह्मेति व्यजानात्' आठवायला सांगते. वि + अ + जानात्. धातू तोच, भूतकाळाचा 'अ' तसाच उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये. ज्याला 'व्यजानात्' फोडता येतं त्याला 'अनेगिग्नोस्कोन' (मी वाचत होतो) फोडायला वेळ लागत नाही.

अनेग्नोन हा आओरिस्ट आहे, म्हणजे काम एक पुरं म्हणून सांगणारा भूतकाळ, संस्कृतातल्या लुङ्-चा भाऊ. त्यात धातूला प्रत्यय थेट चिकटतात, मध्ये काहीच नसतं. 'स्था'चं 'अस्थाम्' जसं, तसंच. मी वाचलं अनेग्नोन, तू अनेग्नोस, त्याने अनेग्नो, आम्ही अनेग्नोमेन, तुम्ही अनेग्नोते, त्यांनी अनेग्नोसान. आज्ञार्थ अनाग्नोथि, म्हणजे 'वाच'. तुमन्त, म्हणजे 'वाचायला' या अर्थाचं रूप, अनाग्नोनाय. 'वाचून' किंवा 'वाचल्यावर' या अर्थाचं धातुसाधित अनाग्नूस.

आता या शेवटच्या तीन रूपांकडे बघा: अनाग्नोथि, अनाग्नोनाय, अनाग्नूस. तिन्हींत 'अना' पूर्ण आहे, मधला 'ए' नाही. तो 'ए' फक्त निश्चयार्थी भूतकाळाचा आहे. आज्ञा, इच्छा, तुमन्त, धातुसाधित यांत तो राहत नाही. एवढा एक नियम किती कामाचा आहे ते 'तुम्ही'च्या रूपांत दिसतं. मत्तयच्या बाराव्या अध्यायात येशू परुश्यांना विचारतो, दाविदाने काय केलं ते तुम्ही वाचलं नाही का? तिथे 'ऊक अनेग्नोते', मध्ये 'ए', म्हणजे घडलेली किंवा न घडलेली गोष्ट. कवी पिंडारच्या दहाव्या ऑलिंपियन स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत 'अनाग्नोते' येतं, मला वाचून सांगा, अशी आज्ञा. आणि कलस्सैकरांस पत्रात ४:१६ ला पुन्हा 'अनाग्नोते' येतं, पण तिथे अर्थ 'तुम्हीही वाचावं म्हणून'. पहिलं रूप 'ए'मुळे लगेच वेगळं काढता येतं. उरलेल्या दोघांत अक्षर न् अक्षर सारखं आहे, फरक फक्त आघाताचा. आज्ञार्थात आघात 'ना'वर, संभाव्यार्थात, म्हणजे 'वाचावं' या अर्थाच्या रूपात, 'ग्नो'वर. आघातचिन्हं शोभेची समजून सोडून देणाऱ्यांना मी ही जोडी मुद्दाम वाचायला देते.

भविष्यकाळ अनाग्नोसोमाय. अर्थ कर्तरी, 'मी वाचेन', पण प्रत्यय आत्मनेपदी. जाणणे, ऐकणे, बघणे अशा बऱ्याच ग्रीक क्रियापदांचं असंच होतं. यामागचं कारण शोधत बसू नका, रूप लक्षात ठेवा आणि पुढे चला.

पूर्णभूत अनेग्नोका हा थोडा फसवा आहे. तोही 'अने'ने सुरू होतो, त्यामुळे भूतकाळाचाच 'ए' वाटतो. पण तो 'ए' पुनरुक्तीच्या जागी आलेला आहे, कारण ग्न सारख्या जोडाक्षरापुढे ग्रीक पूर्ण अभ्यास करायचं टाळतं. ओळखायची खूण अशी की हा 'ए' तुमन्तात आणि धातुसाधितातही टिकतो: अनेग्नोकेनाय, अनेग्नोकोस. आओरिस्टचा 'ए' तिथे गळतो, पूर्णभूताचा राहतो.

कर्मणी प्रयोगात एक आगंतुक 'स' येतो. अनेग्नोस्माय हा पूर्णभूत, अनेग्नोस्थेन हा आओरिस्ट. 'वाचलं जाईल तेव्हा' या अर्थाने जे अनाग्नोस्थे तुम्हाला अडलं, ते याच आओरिस्टचं संभाव्यार्थी रूप आहे. त्यातून 'ए' गळला आणि 'अना' पुन्हा पूर्ण झाला. इथल्या 'स'चा वर्तमानकाळातल्या 'स्क'शी संबंध जोडू नका.

थोडक्यात, समोर रूप आलं की आधी 'ग्नो' शोधा. आजूबाजूला गि आणि स्क दोन्ही असतील तर वर्तमान किंवा अपूर्ण भूत. नसतील तर 'अना' आहे की 'अने' हे बघा, आणि मग शेवटचा प्रत्यय. एक गोष्ट राहिली: नव्या कराराच्या काळापर्यंत 'गिग्नोस्को'तला दुसरा 'ग' उच्चारातून गेला होता, म्हणून तिथे 'अनागिनोस्को' दिसेल. क्रियापद तेच आहे.

आता अर्थाकडे. होमरमध्ये हे क्रियापद वाचण्यासाठी येत नाही, ओळखण्यासाठी येतं. ओडिसीच्या चौथ्या सर्गात हेलन सांगते की ओडिस्यूस भिकाऱ्याच्या वेषात ट्रॉयमध्ये शिरला तेव्हा सगळे फसले, 'मी एकटीने त्याला ओळखलं'. तिथे रूप अनेग्नोन. एकोणिसाव्या सर्गात ओडिस्यूसच्या बायकोला, पेनेलोपेला, परक्या पाहुण्याने सांगितलेल्या खुणा पटतात, तिथेही हेच क्रियापद. म्हणजे खूण बघून नेमकं जाणणं, हा अर्थ जुना आहे.

पिंडारच्या ज्या स्तोत्राचा वर उल्लेख केला त्यात अर्थ सरकताना दिसतो. लोक्रीच्या हागेसिदामोस नावाच्या मुलाने इ.स.पू. ४७६ मध्ये मुलांच्या मुष्टियुद्धात ऑलिंपिक विजय मिळवला होता. पिंडारने त्याच्यासाठी गीत कबूल केलं आणि ते राहून गेलं. तो म्हणतो, आर्खेस्ट्राटोसचा तो विजयी मुलगा माझ्या मनात कुठे लिहिलाय ते मला वाचून सांगा. 'लिहिलाय' हे क्रियापद शेजारीच असल्यामुळे 'वाचा' याखेरीज दुसरा अर्थ बसत नाही. या अर्थाची ही अगदी सुरुवातीची जागा. त्यानंतरच्या अथेन्सच्या गद्यात हा रोजचा साधा शब्द झाला: वाचणे.

मग 'पुन्हा ओळखणे' या फोडीचं काय करायचं? इतिहास म्हणून ती चांगली आहे. ग्रीक लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नसत, अक्षरांची सलग ओळ असे. मोडी कागद वाचलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. तिथेही शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यालाच ओळखावं लागतं, आणि नवशिका माणूस ओठ हलवत, अंदाज घेत पुढे जातो. अशा लेखनासाठी 'ओळखणे'चा शब्द वापरात यावा हे पटण्यासारखं आहे. पण चौथ्या शतकातला अथेन्सकर कोर्टात कायदा वाचायला सांगत होता तेव्हा त्याच्या मनात 'पुन्हा' नव्हतं आणि 'ओळख'ही नव्हती. आपण 'वाचणे' म्हणतो तेव्हा तो शब्द बोलण्याच्या 'वच्' धातूपासून आला हे कुठे आपल्या मनात असतं? उपसर्ग आणि धातू यांची बेरीज करून काढलेला अर्थ भाषांतरात घालू नका, एवढंच माझं म्हणणं. प्रवचनांतून आणि टीकाग्रंथांतून ही चूक इतक्यांदा भेटते की मी वर्गात पहिल्याच आठवड्यात ती सांगून टाकते.

हेरोडोटसचं प्रकरण वेगळं आणि मला फार आवडतं. त्याच्या पहिल्या पुस्तकात लिखास नावाचा स्पार्टन तेगेआ इथल्या एका लोहाराच्या अंगणाशी येऊन थांबतो. त्या अंगणात पुराणकथेतला वीर ओरेस्टेस याची हाडं पुरलेली आहेत असा त्याचा कयास. त्याला ती जागा भाड्याने हवी असते, लोहार देत नाही. 'काही काळाने त्याचं मन वळवल्यावर' तो तिथे राहायला जातो. हे 'मन वळवलं' म्हणजे 'अनेग्नोसे'. तोच धातू, पण आओरिस्ट दुसऱ्या प्रकारचा, 'स' घालून केलेला. 'त्याने वाचलं' असतं तर नुसतं 'अनेग्नो' झालं असतं.

ग्रीकमध्ये काही क्रियापदांना असे दोन आओरिस्ट असतात: थेट प्रत्ययाचा अकर्मक, आणि 'स'चा प्रयोजक. एस्तेन म्हणजे मी उभा राहिलो, एस्तेसा म्हणजे मी उभं केलं. हेरोडोटसच्या आयोनियन बोलीत 'ग्नो'चंही तसं झालं: दुसऱ्याला जाणवून देणं, पटवणं, आणि त्यातून मन वळवणं. अथेन्सच्या भाषेत हा अर्थ सहसा भेटत नाही, नव्या करारात तर नाहीच. गंमत म्हणजे 'त्यांनी' या पुरुषात दोन्ही आओरिस्ट एकरूप होतात, अनेग्नोसान. म्हणून योहानाच्या १९:२० मध्ये, जिथे वधस्तंभावरचा हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक फलक पुष्कळ यहुद्यांनी 'अनेग्नोसान', तिथे 'स' बघून दचकू नका. ते साधं 'वाचला' आहे.

हेरोडोटस मग वाचण्याला काय म्हणतो? 'एपिलेगोमाय'. मीडियाचा सरदार हार्पागोस इराणच्या कोरेशला, म्हणजे सायरसला, बंडाची चिठ्ठी पाठवतो ती सशाच्या पोटात शिवून, शिकाऱ्याच्या वेषातल्या विश्वासू नोकराबरोबर. कोरेश ससा चिरतो, आत चिठ्ठी सापडते, आणि ती तो वाचतो. तिथे हेच क्रियापद येतं. तेव्हा हेरोडोटस वाचत असाल तर वाचनासाठी एपिलेगोमायवर नजर ठेवा, आणि अनागिग्नोस्को दिसला की लोहार आठवा. पुढच्या काळातल्या लेखकांत 'एन्तुन्खानो', म्हणजे मुळात 'भेटणे, गाठ पडणे', हेही वाचण्यासाठी येतं. चरित्रकार प्लुटार्कमध्ये ते सारखं भेटतं.

आता मोठ्याने की मनात, हा प्रश्न. यावर गेल्या शतकात विद्वानांत भरपूर वाद झाला. आधी असं मानलं जाई की प्राचीन लोकांना मनातल्या मनात वाचणं जवळजवळ ठाऊकच नव्हतं. १९६८ साली अभ्यासक बर्नार्ड नॉक्स यांनी ग्रीक नाटकांतले पुरावे पुढे ठेवून हे मत बरंच हलवलं. त्यातला एक पुरावा तुम्ही स्वतः तपासू शकता. विनोदी नाटककार अरिस्टोफानेसच्या 'शूरसरदार' या इ.स.पू. ४२४ च्या नाटकात दोन गुलाम एक भविष्यवाणीचा कागद चोरतात. एक म्हणतो, 'आण इकडे, वाचू दे'. रूप अनाग्नो, संभाव्यार्थी. तो वाचत राहतो, मध्येच दारू ओतायला सांगतो, आणि दुसरा पुन्हा पुन्हा विचारतो, काय लिहिलंय? मोठ्याने वाचत असता तर हे विचारावं लागलं नसतं. म्हणजे इथे क्रियापद तेच, वाचन मात्र मूक.

दुसऱ्या टोकाला प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. कांदके राणीचा खजिनदार, कूशी अधिकारी, यरुशलेमहून परतताना रथात बसून यशया वाचत होता. तिथे अपूर्ण भूतकाळ आहे, अनेगिनोस्केन, आणि तो चपखल आहे: रथ चालू, वाचन चालू, तेवढ्यात सुवार्तिक फिलिप्प धावत आला. त्याने त्याला वाचताना 'ऐकलं'. इथे वाचन मोठ्याने आहे यात शंका नाही. पण ते आपल्याला कशामुळे कळलं? 'ऐकलं' या शब्दामुळे. आणि तेविसाव्या अध्यायात सुभेदार फेलिक्सला पत्र मिळतं, तो 'वाचून', अनाग्नूस, पौलाला विचारतो की तू कुठल्या प्रांताचा. ते मोठ्याने वाचलं की मनात, मजकूर सांगत नाही. मग आपणही सांगू नये.

माझी पद्धत म्हणून अशी आहे: क्रियापदावरून आवाज ठरवायचा नाही, त्याच्या सोबत कोण आहे ते बघायचं. चतुर्थीसारख्या विभक्तीत, म्हणजे डेटिव्हमध्ये, कोणी माणूस उभा आहे का? ऐकणारे आहेत का? सभा आहे का? असतील तर मराठीत 'वाचून दाखवणे' किंवा 'वाचन करणे' घ्या. नसतील तर 'वाचणे' पुरे. मराठीला हा भेद सहज साधतो, त्याचा फायदा घ्या.

प्रकटीकरणाच्या १:३ मध्ये 'धन्य तो वाचणारा आणि ते ऐकणारे' असं आहे. वाचणारा एकवचनी, ऐकणारे अनेकवचनी. म्हणजे मंडळीत एक जण उभा राहून वाचतो आणि बाकीचे ऐकतात. तिथे 'जो कोणी हे पुस्तक वाचतो' असं सैल भाषांतर केलं तर दृश्यच बदलतं. कलस्सैकरांस ४:१६ मध्ये कर्मणी आहे: हे पत्र तुमच्यात 'वाचलं गेल्यावर' लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा, आणि तिकडून येणारं तुम्हीही वाचा. एका वाक्यात हे क्रियापद तीनदा आलंय, दोनदा कर्मणी, एकदा कर्तरी, तिन्ही वेळा आओरिस्ट संभाव्यार्थी. पत्र प्रत्येकाच्या हातात जाणार नव्हतं, सभेत वाचून दाखवलं जाणार होतं. मी इथे 'वाचून दाखवल्यावर' असंच करते.

उलट अरिस्टोफानेसच्याच इ.स.पू. ४०५ च्या 'बेडूक' नाटकात दिओनिसोस देव सांगतो की जहाजावर 'आन्द्रोमेदा' हे नाटक स्वतःशी वाचत असताना त्याच्या मनाला एकदम ओढ लागली. 'प्रोस एमाउतोन', स्वतःशी. हे दोन शब्द त्याला वेगळे घालावे लागले, कारण क्रियापद एकटं तेवढं सांगत नाही. 'स्वतःशी' म्हणजे मूकच, असंही मी म्हणणार नाही. पुटपुटत वाचणाराही स्वतःशीच वाचतो.

मोठ्याने वाचन हीच रीत होती असं मानणाऱ्यांच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे, ती लपवणं बरं नाही. दिओनिसिओस थ्राक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात 'अनाग्नोसिस'ची, म्हणजे वाचनाची, व्याख्या दिली आहे: काव्याचा किंवा गद्याचा न अडखळता केलेला उच्चार. पुढे तो आविर्भाव, स्वराघात आणि विराम सांभाळायला सांगतो. पण ही शाळेतली व्याख्या आहे. विद्यार्थ्याने गुरूपुढे कसं वाचावं हे ती सांगते; जहाजावर एकटा बसलेला माणूस कसा वाचत होता याचा तो पुरावा नव्हे.

न्यायालयातला वापर थोडा जवळून बघण्यासारखा आहे, कारण तिथे काळभेद जिवंत दिसतो. अथेन्सच्या खटल्यात वक्ता स्वतः दस्तऐवज वाचत नसे. तो कारकुनाकडे वळून सांगे, 'हा कायदा घे आणि वाच'. खासगी दाव्यांत त्याच वेळी पाणघड्याळावरच्या माणसाला 'पाणी थांबव' असंही सांगितलं जाई, कारण दस्तऐवज वाचण्याचा वेळ वक्त्याच्या वाट्यातून जात नसे. भाषणांच्या हस्तलिखितांत मग नुसतं 'कायदा' असं शीर्षक येतं आणि त्यानंतर वक्ता पुन्हा बोलू लागतो. या हुकुमांत कधी 'अनाग्नोथि' येतं, आओरिस्ट, तर कधी 'अनागिग्नोस्के', वर्तमान. विद्यार्थी विचारतात, फरक काय? आओरिस्टमध्ये एक पुरं काम म्हणून सांगणं आहे: हा दस्तऐवज वाचून टाक. वर्तमानात कामाला लाग, वाचत जा, असा रोख. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनेस याच्यात दोन्ही भेटतात, आणि काही जागी मला त्यांत फरक काढता येतो, काही जागी ती फक्त बोलण्याची लकब वाटते. प्रत्येक ठिकाणी सूक्ष्म छटा असलीच पाहिजे असा हट्ट धरू नका.

तुम्ही शेवटी विचारलंत की कृत्ये ८:३० मधला श्लेष मराठीत कसा आणायचा. फिलिप्प विचारतो: 'आरा गे गिनोस्केइस हा अनागिनोस्केइस?' जे वाचतोस ते कळतं का? ग्रीकमध्ये दुसरं क्रियापद पहिल्याच्या पोटातून निघालेलं आहे, आणि कानाला ते लगेच जाणवतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात ३:२ लाही हीच जोडी आहे, 'सर्व माणसांना कळलेलं आणि त्यांनी वाचलेलं' पत्र. मराठीत 'वाचणे' आणि 'कळणे' यांचं असं नातं नाही. ते ओढून आणलं तर फिलिप्पचा प्रश्न कोड्यासारखा वाटेल, आणि रथाशेजारून धावणारा माणूस कोडी घालत नसतो. तेव्हा मराठी साधं ठेवा आणि श्लेष टिपेत सांगा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून केलेला मराठी बायबल अनुवाद १९२४ साली प्रसिद्ध झाला. मिळाला तर अशा जागी तो आणि आजचा प्रचलित अनुवाद शेजारी ठेवून बघा. संस्कृत पक्कं असलेल्या माणसाने ग्रीकशी झुंज कशी घेतली ते वाचायला मिळतं.

आजच्या ग्रीसमध्ये मात्र हे क्रियापद कोणाच्या तोंडी ऐकू येणार नाही. वाचण्याला आता 'दियावाझो' म्हणतात. त्याचं मूळ 'पलीकडे नेणे' अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदात आहे. अभ्यास करण्यालाही तोच शब्द, परीक्षेच्या आधी मुलं 'दियावाझो' करतात. जुना शब्द नामांत टिकलाय: वाचक म्हणजे अनाग्नोस्तिस, वाचनालयातली अभ्यासिका म्हणजे अनाग्नोस्तिरिओ. आणि ओळखण्यासाठी 'अनाग्नोरिझो' हे त्याच कुळातलं क्रियापद आजही रोज वापरात आहे.

सरावासाठी मी जागा सुचवते त्या क्रमाने घ्या. आधी कलस्सैकरांस ४:१६, कारण एका वाक्यात तीन रूपं मिळतात. मग कृत्ये ८:२८ ते ३०, तिथे अपूर्ण भूत आणि वर्तमानातलं धातुसाधित येतं. तिसरं मत्तय १२:३ आणि १२:५, म्हणजे १२:५ मध्ये आओरिस्टनंतर येणारं 'होति', आपलं 'की', कसं जोडलं जातं ते दिसेल. मग लूक १०:२६ मधला प्रश्न, 'पोस अनागिनोस्केइस', तू कसं वाचतोस? इथे 'वाचणे' जवळजवळ 'अर्थ लावणे'कडे झुकतं, आणि ते कशामुळे झुकलं ते 'पोस'कडे बघून स्वतः ठरवा. प्रत्येक रूप वहीत उतरवून त्यातला 'ग्नो' अधोरेखित करा, आघात कुठे आहे ते लिहा, आणि शेजारी वाचणारा कोण व ऐकणारा कोण हे दोन रकाने ठेवा. ऐकणाऱ्याचा रकाना पुष्कळदा रिकामा राहील. तो रिकामाच राहू द्या. हेरोडोटस आणि होमर यानंतर.